शिवारातली मिश्र रिले बायथलॉन: बेळगाव सीमाभागातील तरुण मंडळांसाठी

बर्फावरून स्कीने धापा टाकत यायचे, धाप ओसरायच्या आत रायफल खांद्याला लावून पाच लक्ष्यांवर नेम धरायचा आणि पुन्हा पळत सुटायचे, या खेळाला बायथलॉन म्हणतात. हा खेळ बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या एखाद्या गावात भरवता येईल असे तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्हीही हसलो असतो. परंतु आमच्या पश्चिम भागात पहाटे रस्त्याला लागले की लष्कराच्या भरतीची तयारी करणारी मुले दोन-दोन, चार-चारच्या गटांनी धावताना दिसतात, गावोगावच्या यात्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीपाशी रांग लागलेली असते, आणि भातकापणी झाली की शिवार मोकळे पडते. बर्फ तेवढा आपल्याकडे नाही. तेव्हा स्कीच्या जागी धावणे आणि मोठ्या रायफलीच्या जागी छर्ऱ्यांची एअर रायफल घेऊन मुलामुलींच्या मिश्र संघांची रिले कशी भरवावी, हे आमच्या मंडळाच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून, चुका धरून, येथे मांडले आहे.

मूळ स्पर्धा समजून घ्यावी

नक्कल करायची तर आधी अस्सल काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण आमच्या पहिल्या वर्षीच्या बहुतेक चुका अर्धवट माहितीतून झाल्या. बायथलॉन हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९६० साली आला, स्त्रियांसाठी तो १९९२ साली खुला झाला, आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र रिलेला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, रशियातील सोची येथे. त्या पहिल्या शर्यतीत नॉर्वेचा संघ जिंकला आणि त्या संघातील ओले एनार ब्यॉर्नडालेन या चाळीस वर्षांच्या खेळाडूचे ते तेरावे ऑलिंपिक पदक होते. पुढे २०१८ साली प्याँगचांगला फ्रान्स जिंकला, तर २०२२ साली बीजिंगला पुन्हा नॉर्वे. बीजिंगची शर्यत शक्य झाल्यास चित्रफितीवर सर्वांनी एकत्र बसून पाहावी, कारण सुमारे ६७ मिनिटे चाललेल्या त्या शर्यतीत नॉर्वे आणि फ्रान्स यांच्यात शेवटी एका सेकंदाचेही अंतर उरले नव्हते, आणि रशियन संघही त्यांच्या पाठोपाठच होता.

मिश्र रिलेच्या संघात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष असतात. बीजिंगला प्रत्येकाच्या वाट्याला ६ किलोमीटर होते, म्हणजे २ किलोमीटरच्या तीन फेऱ्या. पहिली फेरी संपली की आडवे पडून नेमबाजी, दुसरी संपली की उभे राहून नेमबाजी, आणि तिसरी फेरी संपवून पुढच्या भिडूला हाताने स्पर्श करायचा. यात काठी किंवा बॅटन नसते. लक्ष्ये ५० मीटरवर, एका ओळीत पाच. आडवे पडून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि उभ्याने मारायचे ११५ मिलिमीटरचे. रायफल .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप), किमान साडेतीन किलो वजनाची, आणि ती सबंध शर्यतभर पाठीवर असते.

आता रिलेची खरी गंमत. एकट्याच्या शर्यतीत पाच लक्ष्यांसाठी पाचच गोळ्या मिळतात, परंतु रिलेत प्रत्येक नेमबाजीला तीन गोळ्या जादा मिळतात. या जादा गोळ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीच्या गोळ्यांच्या कप्प्यात, नसतात. त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात आणि त्यात वेळ जातो. आठही गोळ्या संपून जितकी लक्ष्ये शिल्लक राहतील तितक्या वेळा १५० मीटरची दंडफेरी मारूनच पुढे जाता येते. म्हणजे पहिल्या पाच गोळ्यांत चूक झाली तरी ती सुधारण्याची संधी आहे, पण ती फुकट नाही. दंडफेरी न मारता कोणी पुढे गेलाच, तर प्रत्येक चुकवलेल्या फेरीमागे संघाच्या वेळेत दोन मिनिटे वाढवली जातात.

लहान गावांसाठी आणखी एक प्रकार ठाऊक असावा. एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोघांचाच संघ आळीपाळीने दोन-दोनदा पळतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार वेळा नेमबाजी येते, आणि तेथे दंडफेरी ७५ मीटरची असते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार २०१९ साली स्वीडनमधील ओस्टरसुंडला प्रथम आला. ज्या गावात धावणाऱ्या चार मुली गोळा होत नाहीत, तेथे याच प्रकाराने सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

दंडफेरीचे माप

सबंध स्पर्धा या एका मापावर उभी राहते किंवा कोसळते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. पहिल्या वर्षी आम्ही पुस्तकी निष्ठेने दंडफेरी १५० मीटरच ठेवली होती. स्कीवरचा खेळाडू ते अंतर साधारण २५ सेकंदांत कापतो. आमच्या दमलेल्या मुलांना धावत त्यासाठी चाळीस सेकंद लागू लागले. त्यात नेम कच्चे, त्यामुळे एकेका भिडूला तीन-तीन, चार-चार दंडफेऱ्या पडल्या. ज्या संघातली चारही मुले-मुली सर्वांत वेगाने धावली होती, तो संघ आठांत पाचवा आला. हरल्याचे दुःख एकवेळ सोसवते. आपल्या धावण्याला काही किंमतच नव्हती हे ध्यानात आले की माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि त्या संघातले दोघे आलेच नाहीत.

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रमाण काढले. बीजिंगला प्रत्येक भिडूने साधारण पावणेसतरा मिनिटे, म्हणजे जवळपास १००० सेकंद घेतले. त्यात एक दंडफेरी २५ सेकंदांची, म्हणजे एका टप्प्याचा चाळिसावा भाग. हेच प्रमाण आपल्याकडे आणायचे. आमचा टप्पा २४०० मीटरचा, ८०० मीटरच्या तीन फेऱ्यांचा. सेकंदाला ४ मीटर या सरासरीने धावण्याला दहा मिनिटे, आणि दोन्ही नेमबाज्या मिळून अडीच मिनिटे, असे साडेबारा मिनिटे किंवा ७५० सेकंद होतात. त्याचा चाळिसावा भाग पावणेएकोणीस सेकंद; तेवढ्या वेळात मुले ७५ मीटर धावतात. म्हणून आमची दंडफेरी ७५ मीटरची झाली, आणि त्या वर्षीपासून शर्यत खऱ्या अर्थाने चुरशीची झाली. आपल्या गावची वाट चढाची असेल किंवा शाळकरी मुले असतील, तर हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. एखाद्या रविवारी चार-पाच जणांना संपूर्ण टप्पा पळवून घ्यावा, सरासरी वेळ काढावी आणि चाळीसने भागावे.

वाट कशी आखावी

शर्यत भातकापणीनंतर ठेवावी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. मात्र कापणी झाली म्हणजे शेत रिकामे झाले, असा समज करून घेऊ नये. येळ्ळूरपासून खानापूरच्या वाटेपर्यंत अनेक शेतकरी भाताच्या ओलीवर लगेच मसूर किंवा वाटाणा टाकतात, आणि कोवळा मसूर दुरून पाहणाऱ्याला गवतासारखाच वाटतो. ज्याच्या बांधावरून वाट जाणार आहे त्याला आधी विचारावे, वाटेवर चुन्याने खुणा कराव्यात आणि पिकाच्या बाजूने सुतळी बांधावी. निपाणीकडे तंबाखूचे शेत असेल तर ते वाटेतून सरळ वगळावे.

मोठा रस्ता टाळावा, हे सांगायला नको. चिकोडी, अथणी, संकेश्वर या पट्ट्यात हे दिवस ऊस गाळपाचे असतात आणि पहाटेपासून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. चालकाला मागचे दिसत नाही, पुढे वळण आले की ट्रॉली बाहेर फेकली जाते. वाट एखाद्या ठिकाणी रस्ता ओलांडत असेल, तर तेथे शिट्टी व लाल झेंडा घेतलेली दोन मोठी माणसे उभी करावीत. पोरांवर हे काम सोपवू नये.

अंतर मोजण्यासाठी मोबाइलवर विसंबलो, तेव्हा एकाच वाटेचे तिघांचे तीन आकडे आले. सायकल अधिक खरी. चाकाचा घेर दोऱ्याने मोजावा, चाकाच्या एका तारेला रंगीत चिंधी बांधावी आणि सायकल हाताने ढकलत फेरे मोजावेत. घेर २ मीटर १० सेंटिमीटर भरला, तर ८०० मीटरला ३८१ फेरे होतात. मोजणाऱ्याशी वाटेत कोणी बोलू नये.

फेरीचा आकार असा असावा की प्रत्येक फेरीच्या शेवटी धावणारा नेमबाजीच्या जागेपाशी येईल, आणि नेमबाजीच्या जागेतून बाहेर पडताच उजव्या किंवा डाव्या हाताला दंडफेरी लागेल. प्रेक्षकांना एकाच जागी उभे राहून नेमबाजी, दंडफेरी आणि भिडूबदल या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. शेवटचे शंभर मीटर सपाट ठेवावेत. आम्ही एका वर्षी नेमबाजीच्या अगदी तोंडाशी चढ ठेवला होता. तो पाहायला फार छान वाटत होता, पण वर आलेल्या मुलाच्या हातातली नळी पाचही लक्ष्यांवरून फिरत होती.

नेमबाजीची जागा

येथे घाई करू नये. एअर रायफलीला आपण खेळणे समजतो, परंतु दहा मीटरवरून तिचा छर्रा डोळा फोडू शकतो. कायद्याने, ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या शक्तीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा जोरदार बंदूक कोणी कौतुकाने आणली, तर ती आल्या पावली परत पाठवावी. परवाना लागत नसला तरी पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, अर्जासोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि बंदुकींची यादी जोडावी, आणि ग्रामपंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) मैदानाची परवानगी मागावी. अर्ज कन्नडमध्ये लिहिला की काम लवकर होते. लिहून देणारा गावात कोणीतरी असतोच. तारीख ठरवताना १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस) आणि डिसेंबरमधले विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस टाळावेत, कारण त्या काळात सगळा बंदोबस्त बेळगाव शहरात गुंतलेला असतो आणि गावच्या शर्यतीसाठी एक शिपाईही मिळत नाही.

मारण्याची दिशा उत्तरेकडे असावी, म्हणजे सकाळचे ऊन डोळ्यावर येणार नाही. लक्ष्यांच्या मागे मातीचा उंच बांध किंवा मातीने भरलेल्या पोत्यांची माणसापेक्षा उंच भिंत लागते. आपल्याकडे, विशेषतः खानापूर भागात, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत तयार मिळते आणि तिचाच आडोसा घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. दगडावर आदळलेला छर्रा कोणत्या बाजूला उडेल हे कोणीच सांगू शकत नाही. पत्र्याचेही तेच.

लक्ष्याचे माप काढताना साधे त्रैराशिक मांडावे. ५० मीटरवरचे ४५ मिलिमीटरचे लक्ष्य आपल्याकडच्या १० मीटर अंतरावर ९ मिलिमीटरएवढे असले पाहिजे, आणि ११५ मिलिमीटरचे २३ मिलिमीटरएवढे. परंतु ९ मिलिमीटर म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ज्यांच्या रायफलीला खांद्याचा पट्टा, छिद्राची दुर्बीणविरहित नेमपट्टी आणि वर्षानुवर्षांचा सराव आहे त्यांच्यासाठी ते माप आहे. साध्या बंदुकीने पहिल्या वर्षी आडवे पडून मारायला २० आणि उभ्याने मारायला ४० मिलिमीटर ठेवावे. तरीही मुले चुकतात, चुकली पाहिजेत. पाचपैकी सरासरी तीन किंवा चार लक्ष्ये पडत असतील, तर माप बरोबर जमले असे समजावे.

लक्ष्य पडले हे सर्वांना एकाच क्षणी कळावे यासाठी दोन उपाय आम्ही करून पाहिले. पहिला फुग्यांचा. मऊ प्लायवूडच्या फळीला ठरल्या मापाची पाच भोके पाडून प्रत्येकामागे लहान फुगा बांधायचा. छर्रा भोकातून गेला की फट्‌ असा आवाज होतो आणि प्रेक्षकांतली आजीसुद्धा ओरडते. खर्च नगण्य. परंतु आठ संघांचे बत्तीस भिडू, प्रत्येकाच्या दोन नेमबाज्या आणि प्रत्येकीला पाच, असे ३२० फुगे लागतात, ते आदल्या रात्री फुगवले तर सकाळी सुरकुततात, आणि ऊन चढले की आपोआप फुटतात. पहिल्या वर्षी साडेदहाच्या सुमारास एका मुलीने बंदूक उचलण्याच्या आधीच तिचे दोन फुगे फुटले, आणि ती दोन लक्ष्ये तिच्या नावे धरायची की नाही यावर पंधरा मिनिटे वाद चालला. दुसरा उपाय पडणाऱ्या लोखंडी टिकल्यांचा. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात लहान वर्कशॉपची काय कमी. एका वर्कशॉपात बिजागरीवर झुलणाऱ्या पाच टिकल्यांची चौकट आम्ही करून घेतली, जी छर्रा लागताच मागे पडते आणि दोरी ओढली की पुन्हा उभी राहते. टिकल्यांचा वरचा काठ मारणाऱ्याकडे किंचित झुकलेला असावा, म्हणजे छर्रा आपटून खाली जमिनीकडे जातो. खाली ताडपत्री अंथरावी. लोखंडावर मारताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि मोजणी करणाऱ्यांच्याही.

बंदूक घेऊन कोणीही धावणार नाही, हा आपल्या स्पर्धेतला अटळ नियम आहे. बंदुका नेमबाजीच्या ओळीवरच राहतील, नळी दुमडून उघडी ठेवलेली, तोंड लक्ष्यांकडे. धावणारा येईल, आपल्या संघाच्या क्रमांकाच्या जागी जाईल, आणि मारून झाल्यावर नळी पुन्हा उघडूनच उठेल. एकावेळी चारच संघ सोडावेत, चार जागा, चार बंदुका, आणि आठ संघ असतील तर दोन तुकड्या करून वेळेवर क्रम लावावा. प्रत्येक जागी एक मोजणीस आणि सर्वांवर एक रेंजप्रमुख असावा, ज्याच्या शब्दापुढे मंडळाच्या अध्यक्षाचेही चालणार नाही. त्याने धोका दिसताच ‘थांबा, निल्लि’ असे दोन्ही भाषांत ओरडावे. बाजूच्या गावचा संघ कन्नड बोलणारा असतो आणि घाईच्या क्षणी माणसाला आपलीच भाषा ऐकू येते.

भाताची धसकटे कोपराला टोचतात, याची आठवण सहसा पहिला भिडू आडवा पडल्यावर होते. ताडपत्रीवर घोंगडी अंथरावी. छर्रे दोन झाकणांत ठेवावेत: पांढऱ्या झाकणात पाच, लाल झाकणात तीन. एअर रायफलीत प्रत्येक छर्रा हातानेच भरायचा असल्यामुळे जादा छर्ऱ्याचा वेगळा भुर्दंड आपोआप बसत नाही. म्हणून लाल झाकण हाताच्या टप्प्याबाहेर, तीन पावले मागे मोजणीसाच्या पायाशी ठेवावे. जादा छर्रा हवा असेल तर बंदूक खाली ठेवून उठायचे आणि एकेकच आणायचा. बंदूक तेव्हाही उघडीच राहील.

दंडफेऱ्यांची मोजणी

या एका बाबीवरून पहिल्या वर्षी भांडण हातघाईवर आले, त्यामुळे उपाय सांगून ठेवतो. मोजणीसाने तोंडी सांगितलेला आकडा धावणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. दम लागलेल्या माणसाला तीन म्हटलेले दोन ऐकू येते. त्याऐवजी उरलेल्या प्रत्येक लक्ष्यामागे एक जाड रबरबँड त्याच्या मनगटात अडकवावा. दंडफेरीच्या तोंडाशी बादली ठेवावी आणि प्रत्येक फेरी पूर्ण झाली की एक रबरबँड बादलीत टाकावा. मनगट मोकळे झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक संघाच्या रबरबँडचा रंग वेगळा असला, तर शेवटी बादलीतल्या मोजणीने वहीतल्या आकड्याची पडताळणीही होते. कोणी रबरबँड घेऊन तसाच पळाला, तर मूळ नियमातल्या दोन मिनिटांच्या ऐवजी आपल्या लहान टप्प्याला दीड मिनिट दंड पुरेसा आहे.

संघ आणि क्रम

दोन मुली, दोन मुलगे, आणि अंतर चौघांनाही सारखेच. मुलींचे अंतर कमी करावे असा आग्रह दरवर्षी कोणीतरी ज्येष्ठ धरतात. सोचीला स्त्रियांसाठी ६ आणि पुरुषांसाठी साडेसात किलोमीटर होते हे खरे, परंतु बीजिंगला चौघांचेही अंतर समान होते, आणि २०१९ साली महिला लष्करी पोलिसांच्या भरतीचा मेळावा बेळगावातच झाला, तेव्हापासून आमच्या भागातल्या मुली पहाटे कोणापेक्षा कमी धावत नाहीत.

क्रमाबाबत मात्र माझे एक ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतीत आधी एका वर्गाचे दोघे आणि मग दुसऱ्याचे दोघे पळतात. कधी स्त्रिया आधी, कधी पुरुष. गावात नेहमी मुली आधी ठेवल्या जातात, त्यामुळे शेवटचा निर्णायक टप्पा सतत मुलांच्या वाट्याला येतो आणि टाळ्याही. एका वर्षी क्रम उलटा करावा. आम्ही केला तेव्हा शेवटच्या उभ्या नेमबाजीला एक मुलगी तीन जादा छर्रे आणायला तीनदा उठली, तिसऱ्याला टिकली पडली, आणि दंडफेरी न मारता ती बाहेर पडली. तोवर बांधावर बसून तंबाखू मळणारी मंडळीसुद्धा उठून उभी राहिली होती.

पहिल्या भिडूची निवड नेम पाहून करावी, वेग पाहून नव्हे, कारण पहिल्या नेमबाजीला चारही संघ एकाच वेळी आडवे पडलेले असतात आणि शेजारच्या टिकल्या पडण्याचा आवाज कानात शिरतो. शेजाऱ्याच्या लयीत मारायला लागणारा भिडू तेथे फसतो. वेगाने धावणारा पण नेमाला कच्चा असेल, तर त्याला दुसरा किंवा तिसरा ठेवावा. भिडूबदल ३० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यात, पाठीला हात लावून.

सराव

सहा आठवडे पुरतात. बहुतेक मुले धावणे आणि नेम वेगवेगळ्या दिवशी करतात, आणि मग शर्यतीत दोन्ही एकत्र आल्यावर गोंधळतात. आठवड्यातून किमान दोनदा ४०० मीटर धावून लगेच पाच छर्रे, पुन्हा ४०० मीटर, पुन्हा पाच, असे करावे. नेमबाजीच्या जागेपूर्वीच्या शेवटच्या शंभर मीटरांत वेग थोडा उतरवून श्वास खोल घ्यायला शिकवावे. तेथे गमावलेले तीन-चार सेकंद एका वाचलेल्या दंडफेरीत भरून निघतात. बंदूक खांद्याला लावल्यावर श्वास पूर्ण रोखून धरू नये. श्वास सोडावा, तो संपून पुढचा सुरू होण्याआधी जो क्षणभर विसावा असतो त्यात घोडा हळू दाबावा. उभ्याने मारताना नळी हलणारच. ती स्थिर होण्याची वाट पाहत बसले की हात थकून आणखी हलते, त्यामुळे लक्ष्याजवळून जाताना दाब वाढवत नेणे हेच शिकावे लागते.

छर्रा न भरता बंदूक उडवून सराव करू नये. स्प्रिंगच्या एअर रायफलीत छर्रा नसला की आतला दट्ट्या जोरात आदळतो आणि बंदूक लवकर खराब होते. आमची एक बंदूक अशीच गेली, आणि ती उसनी आणलेली होती.

शर्यतीच्या दिवशी

सकाळी सहाला बंदुकांची तपासणी, नंतर प्रत्येक संघाला आपल्या जागेवरून नेम जुळवण्यासाठी दहा छर्रे, आणि सातला पहिली तुकडी सोडावी. दहाच्या आत सगळे संपले पाहिजे. संघाने नेम ज्या बंदुकीवर जुळवला तीच बंदूक त्याला शेवटपर्यंत मिळाली पाहिजे. मधेच अदलाबदल झाली तर ती तुकडी पुन्हा पळवणेच न्यायाचे. प्रथमोपचाराची पेटी, मुरगळलेल्या पायासाठी बर्फ आणि एक गाडी तयार ठेवावी, चालकासह. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा पोह्यांच्या पातेल्याजवळ साबण-पाणी ठेवून हात धुतल्याशिवाय कोणालाही ताटली देऊ नये.

ताडपत्रीवरचे आणि बांधातले छर्रे त्याच दिवशी वेचून डब्यात भरावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्या शेतात गुरे चरायला येतात. निकालाचा कागद शाळेच्या फळ्यावर कन्नड आणि मराठीत लावताना नुसती एकूण वेळ लिहू नये. प्रत्येक भिडूच्या नावापुढे धावण्याची वेळ, लागलेले जादा छर्रे आणि मारलेल्या दंडफेऱ्या असे तीन रकाने करावेत. तिसऱ्या वर्षी आम्ही तसा कागद लावला तेव्हा बक्षिसाचा कुंदा वाटून झाल्यावरही दोन संघ त्या फळ्यापुढे उभे राहून बोटाने रकाने मोजत होते.